नियम साठ्याला लावा, माणसाला नको

पंजाबच्या मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये व्यसनोपचार केंद्रांची २०११ पासूनची नियमावली बाजूला सारून नवी मंजूर केली. एका मालकाला पाचापेक्षा जास्त खासगी केंद्रे चालवता येणार नाहीत आणि रुग्णांची हजेरी बायोमेट्रिक पद्धतीने घ्यायची, या तिच्यातल्या दोन ठळक तरतुदी. असे नियम आले की ठरलेला वाद होतो. एक बाजू म्हणते, हेरॉइनला पर्याय म्हणून ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या वाटणे म्हणजे सरकारनेच नशेचे दुकान उघडणे, बंदच करा. दुसरी बाजू म्हणते, व्यसन हा आजार आहे आणि आजाऱ्यावर निर्बंध घालणे हाच अन्याय, नियम नकोतच. आपल्याकडे महाराष्ट्रात हा विषय बहुतेक वेळा एमडी या अमली पदार्थाचा कारखाना सापडल्यावर निघतो आणि तिथे तर एवढीही चर्चा होत नाही. 'व्यसन सोडवायचे सोडून सुया कसल्या वाटता?' असे कोणीतरी म्हणतो आणि विषय संपतो. नियम नेमका कशाला लावायचा, गोळीच्या बाटलीला, केंद्राच्या मालकाला, वापरलेल्या सुईला की सुई मागायला आलेल्या माणसाला, हे कोणी विचारत नाही. खरा प्रश्न तेवढाच आहे.

माझे म्हणणे असे: सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया आणि पर्यायी औषध देणाऱ्या कार्यक्रमांवर सरकारचे नियंत्रण हवे, आणि काही बाबतींत ते आजच्यापेक्षा कडक हवे. पण ते साठ्यावर, हिशेबावर, कचऱ्यावर आणि केंद्र चालवणाऱ्यांच्या कमाईवर हवे. दारात आलेल्या माणसाला परत पाठवणारा नियम कागदावर कितीही शिस्तीचा दिसो, त्याचा फायदा विषाणूला होतो.

आधी व्याप्ती पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ८.५ लाख लोक सुईने नशा करतात. ही संख्या जास्त असलेल्या राज्यांच्या यादीत उत्तर प्रदेश, पंजाब, दिल्ली, मणिपूर यांच्याबरोबर महाराष्ट्रही आहे. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, २०२१ च्या पाहणीत या गटात एचआयव्हीचे प्रमाण ९.०३ टक्के आढळले. देशातल्या प्रौढांमध्ये ते तेव्हा ०.२१ टक्के होते. म्हणजे चाळीस पटींहून जास्त. हा विषाणू या गटात किती वेगाने पसरतो ते मणिपूरने दाखवले आहे. १९८९ मध्ये तिथे सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्ही जवळजवळ नव्हता. १९९० च्या मध्यापर्यंत तपासलेल्यांपैकी निम्मे बाधित निघाले. शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या साथीला जे करायला वर्षे लागतात ते सुईने काही महिन्यांत केले. मणिपूर सरकारने १९९६ मध्ये स्वतःचे एड्स धोरण आणले आणि त्यात स्वच्छ सुयांना जागा दिली, ती काही उदारमतवादाची हौस म्हणून नव्हे. माणसे मरत होती.

कायद्याचे काय? 'हे सगळे बेकायदा आहे, सरकार डोळेझाक करते' असे म्हणणाऱ्यांनी कायदा उघडून पाहावा. १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा कठोर म्हणून ओळखला जातो, आणि तो आहेच. पण त्याच कायद्याचे ७१ वे कलम सरकारला व्यसनी माणसांच्या उपचारासाठी केंद्रे उघडण्याचा आणि नोंदणी झालेल्या व्यसनींना, तसेच वैद्यकीय गरज असलेल्या इतरांना, अमली पदार्थ पुरवण्याचा अधिकार देते. म्हणजे बंदीच्या कायद्यातच सरकारी पुरवठ्याची सोय आहे. २०१४ च्या दुरुस्तीने त्या कलमात उपचाराच्या जोडीला 'व्यवस्थापन' आले, म्हणजे व्यसन सुटले नाही तरी सांभाळता येते हे संसदेने मान्य केले. पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या २२ व्या कलमानुसार संसर्गाचा धोका कमी करण्याचे उपाय हा गुन्हा ठरत नाही आणि ते कोणत्याही प्रकारे रोखता येत नाहीत. पर्यायी औषध देणे आणि सुरक्षित इंजेक्शनची साधने देणे ही उदाहरणे कलमातच आहेत. तेव्हा 'द्यायचे की नाही' हा वाद कायद्याने मिटवला आहे. उरतो तो 'कसे' हा भाग. आणि सगळी गंमत, खरे तर सगळी शोकांतिका, त्या 'कसे'मध्ये आहे.

सुई-सिरिंज देण्याचे काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही. या कामात पीअर एज्युकेटर असतो, बहुधा स्वतः कधीकाळी नशा केलेला, आणि त्याच्याकडे चाळीसेक माणसांची यादी असते. तो रेल्वेच्या रुळांकडे, पुलाखाली, पडक्या इमारतीत जिथे माणसे जमतात तिथे जातो; नव्या सुया, डिस्टिल्ड वॉटर, स्पिरिटचे बोळे देतो, वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, टोचून आरपार जाणार नाही अशा डब्यात गोळा करतो. परत आलेली सुई कोणी हाताने झाकत नाही, मोडत नाही. ती २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पांढऱ्या अर्धपारदर्शक, बंद डब्यातून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे जायला हवी. इथपर्यंत ठीक. पण कुठली सिरिंज द्यायची? सुई वेगळी काढता येते अशा साध्या सिरिंजमध्ये दट्ट्या पूर्ण दाबल्यावरही बुडाशी ८० मायक्रोलिटरच्या आसपास द्रव उरतो. सुई कायमची जोडलेल्या इन्सुलिन सिरिंजमध्ये तो जेमतेम दोन मायक्रोलिटर असतो. उरलेल्या थेंबात रक्त असते आणि रक्तात विषाणू. हिपॅटायटिस सी चा विषाणू अशा सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे. मग सगळ्यांना इन्सुलिन सिरिंज द्यावी की नाही? नाही जमत. ब्राउन शुगर घेणाऱ्याला एक मिलिलिटर पुरते. औषधांची दोन-तीन अँप्युल एकत्र करून घेणाऱ्याला पाच मिलिलिटरची लागते. त्याला एक मिलिलिटरची दिली तर तो ती घेतो, खिशात टाकतो आणि मित्राची पाचची वापरतो. खरेदीच्या निविदेत एकच माप आणि सगळ्यात कमी दर एवढेच लिहिले असेल, तर वाटपाचा आकडा शंभर टक्के दिसतो आणि संसर्ग तसाच राहतो. नियम लिहिणाऱ्यांनी इथे लक्ष घातले असते तर कोणी तक्रार केली नसती.

ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपीचे, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेच्या जागी पर्यायी औषध देण्याच्या उपचाराचे, ज्याला सगळे ओएसटी म्हणतात, असेच. रोज केंद्रावर यायचे. परिचारिका माणूस शुद्धीत आहे ना, झिंगलेला नाही ना, हे पाहते. ब्युप्रेनॉर्फिनच्या ठरलेल्या गोळ्या कुटून भुकटी करते आणि ती जिभेखाली ठेवायला देते. कुटायची अशासाठी की अख्खी गोळी गालात दाबून बाहेर नेऊन विकता येते, भुकटी नेता येत नाही. गिळली तर यकृतातच बहुतेक निकामी होते, म्हणून पाच-दहा मिनिटे गप्प बसायचे, मग टॉर्च मारून तोंड पाहायचे, रजिस्टरवर सही. पहिला डोस देताना घाई केली तर सगळे बिघडते. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागांना हेरॉइनपेक्षा घट्ट चिकटते पण परिणाम अर्धवट करते. त्यामुळे अंगात हेरॉइन असताना ते दिले तर हेरॉइनला ढकलून बाहेर काढते आणि माणसाला अर्ध्या-एक तासात भयंकर टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, येते. उलट्या, जुलाब, हाडे मोडल्यासारखे दुखणे. म्हणून शेवटच्या नशेनंतर निदान आठ-बारा तास जाऊ द्यायचे, टर्कीची लक्षणे दिसू लागली की दोन-चार मिलिग्रॅमने सुरुवात करायची आणि पुढच्या काही दिवसांत वाढवायचे. बहुतेकांना आठच्या पुढेमागे किंवा त्याहून जास्त लागते. ज्याला पहिल्याच दिवशी अशी टर्की बसली तो परत येत नाही, आणि 'सरकारी गोळीने माणूस आजारी पडतो' हे वस्तीभर सांगत सुटतो. दुसरी चूक उलटी. गैरवापराच्या भीतीने डॉक्टर चार मिलिग्रॅमवरच थांबतात. तेवढ्याने तलफ जात नाही, माणूस सकाळी गोळी घेतो आणि संध्याकाळी सुई. मग अहवालात लिहिले जाते की ओएसटीचा उपयोग होत नाही.

आता विरोधकांचे सगळ्यात भक्कम मुद्दे. ते टाळण्यात अर्थ नाही.

पहिला, गळती. ही काल्पनिक नाही. पंजाबातल्या खासगी केंद्रांना पुरवलेल्या कोट्यवधी ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन गोळ्यांचा हिशेब लागत नाही, असा आरोप झाला आणि त्यावरून राज्यात मोठे राजकीय वादळ उठले. ही गोळी बाजारात जाते, विरघळवून टोचली जाते, झोपेच्या गोळ्यांसोबत घेतली तर श्वास बंद पडून माणूस मरू शकतो. दुसरा, परिसराचा त्रास. बागेत, शाळेच्या भिंतीमागे पडलेल्या सुया पाहून चिडणारे आईबाप काही मागासलेले नसतात. तिसरा, ओएसटी अनेकदा वर्षानुवर्षे चालते. 'एक व्यसन सोडवून दुसरे लावले' या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, कारण ब्युप्रेनॉर्फिनचेही शरीराला अवलंबित्व येतेच. आणि चौथा, जो मराठी माणसाला लगेच सुचतो: पुण्यात १९८६ मध्ये पुलंच्या मदतीने डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण उभे केले, तिथून गर्दच्या विळख्यातली माणसे पूर्ण बाहेर पडली; मग अर्धवट मार्ग कशाला?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करू, कारण तो सर्वांत सोपा आहे. पूर्ण मुक्तीचा मार्ग आणि हानी कमी करण्याचा मार्ग यांत स्पर्धा आहे असे मानणे हीच चूक. पूर्ण सोडण्यासाठी माणसाला काही आठवडे काम सोडून, घर सोडून दाखल व्हावे लागते, आणि मुख्य म्हणजे तशी इच्छा व्हावी लागते. ज्याला आज ती इच्छा नाही त्याने ती होईपर्यंत एचआयव्हीविना जगावे, एवढेच सुई देणारा म्हणतो. शिवाय काही आठवडे पूर्ण बंद ठेवून बाहेर पडलेल्याची सहनशक्ती घटलेली असते. तो जुन्या मापाने घेतो आणि त्याच रात्री मरतो. तुरुंगातून सुटलेल्यांचेही तेच होते. 'एकदाचे सुटले' असे मानून ज्याची नोंद बंद होते, तो याच काळात सर्वांत जास्त धोक्यात असतो. दीर्घकाळ गोळी चालते म्हणून तिला व्यसन म्हणणाऱ्यांनी त्या माणसाचा दिवस पाहावा: सकाळी गोळी, मग काम, रात्री घर. नशेच्या पैशांसाठी चोरी नाही, शीर शोधत बसणे नाही. ब्युप्रेनॉर्फिन आणि तसेच दुसरे पर्यायी औषध मेथाडोन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि ओएसटीवर असलेल्यांत एचआयव्हीचा संसर्ग निम्म्याहून कमी होतो असे अनेक देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात.

गळतीचा मुद्दा खरा आहे, पण तिचे तोंड कुठे आहे? रोज परिचारिकेसमोर भुकटी जिभेखाली घेणाऱ्या माणसाच्या खिशात कोट्यवधी गोळ्या मावत नाहीत. एवढा माल जायचा तर बाटल्यांनी, खोक्यांनी जातो. केंद्राच्या मागच्या दाराने जातो. रेशनचे धान्य काळ्या बाजारात गेले की चौकशी दुकानदाराच्या गोदामाची व्हायला हवी. आपण मात्र कार्डधारकाचा अंगठा मागतो, आणि विटा उचलून उचलून ज्याची रेषा पुसली गेली आहे तो मजूर रिकाम्या हाताने परत जातो. पंजाबात नेमके तेच होऊ घातले आहे. एका मालकाला पाचच केंद्रे ही तरतूद मला पटते, कारण ती पैशाच्या साखळीवर बोट ठेवते. पण ती पुरेशी नाही. ज्या केंद्राची कमाई गोळीच्या विक्रीवर चालते, ते केंद्र रुग्णाचा डोस कमी कशाला करील? सल्ल्याची फी वेगळी आणि गोळी सरकारी साठ्यातून, असे केल्याशिवाय हे थांबणार नाही. हिशेबही अवघड नाही: आदल्या दिवसाची शिल्लक, आलेल्या गोळ्या बॅच क्रमांकासह, रजिस्टरवरच्या डोसांची बेरीज, संध्याकाळची शिल्लक. चार आकडे. ते जुळले नाहीत तर परवाना त्याच आठवड्यात स्थगित. हा कडकपणा हवा तितका वाढवा.

बोटाच्या ठशाला माझा विरोध केवळ तांत्रिक नाही. सुईने नशा करणारा माणूस एनडीपीएसच्या २७ व्या कलमाखाली गुन्हेगार आहे. हेरॉइनच्या सेवनाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. उपचार घेणाऱ्याला ६४-अ कलम खटल्यापासून संरक्षण देते खरे, पण उपचार 'पूर्ण' केला नाही तर ते काढून घेता येते, आणि ज्या आजारात पुन्हा घसरणे हा आजाराचाच भाग आहे त्यात पूर्ण म्हणजे कधी? अशा माणसाने आपला ठसा सरकारी यंत्रात द्यावा आणि तो ठाण्यापर्यंत पोचणार नाही यावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा कोणी कोणाकडून करतो आहे? आपल्याकडे याचा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी गिरवून झाला आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचे रोगी शोधायला रँडच्या हाताखालचे सोल्जर घराघरांत शिरले, माणसांना ओढून छावण्यांत नेऊ लागले. लोकांनी काय केले? रोगी लपवले. प्लेग खरा होता, अलगीकरणाची गरजही खरी होती. तरी शोधण्याच्या पद्धतीमुळे शोधायची माणसेच दिसेनाशी झाली. त्यातून पुढे काय घडले ते प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे.

सुयांच्या बाबतीत हेच अधिक स्पष्ट दिसते. स्कॉटलंडमधली एडिंबरा आणि ग्लासगो ही दोन शहरे घ्या. अंतर तासाभराचे, दोन्हीकडे १९८० च्या सुमारास हेरॉइनचा पूर आला. एडिंबरात पोलिसांनी धडाका लावला, सिरिंज जप्त होऊ लागल्या, औषधविक्रेत्यांनी विकणे बंद केले. माणसे नशा घ्यायची थांबली नाहीत. एका सुईवर दहा जण बसू लागले. १९८६ मध्ये तिथल्या एका दवाखान्यातल्या सुईने नशा करणाऱ्यांची तपासणी झाली तेव्हा ५१ टक्के बाधित निघाले. ग्लासगोत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. ब्रिटनमध्ये तेव्हा मार्गारेट थॅचर यांचे सरकार होते, ज्यांना कोणी व्यसनींचे लाड करणारे म्हणणार नाही. त्या सरकारने १९८७ मध्ये सुया बदलून देण्याचे प्रायोगिक कार्यक्रम सुरू केले, आणि १९८८ मध्ये सरकारच्याच सल्लागार समितीने लिहून दिले की एचआयव्हीचा फैलाव हा नशेपेक्षा मोठा धोका आहे. आता याच्या शेजारी ठेवा पंजाब, २०१८: नशेमुळे झालेल्या मृत्यूंवरून ओरड झाली आणि काही जिल्ह्यांत प्रशासनाने चिठ्ठीशिवाय सिरिंज विकायला मनाई केली. एडिंबराच्या बत्तीस वर्षांनंतर! जिल्हाधिकाऱ्यांना कोणी हा इतिहास सांगितला नव्हता की काय?

यापेक्षा चलाख प्रकार म्हणजे कार्यक्रम बंद न करता नियमांनी त्याचा गळा आवळणे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात एचआयव्हीची साथ चालू असतानाच, २०२१ मध्ये, कायदा झाला: प्रत्येक कार्यक्रमाला परवाना, त्यासाठी काउंटी (तिथला जिल्हा) आणि नगरपालिका दोघांची संमती, सुई घेणाऱ्याने राज्याचे ओळखपत्र दाखवायचे, सुयांवर ओळखखुणा, आणि एक वापरलेली आणाल तर एक नवी असे प्रमाण गाठायचे. शेवटची अट ऐकायला किती रास्त! रस्त्यावर सुया पडू नयेत असे सगळ्यांनाच वाटते. पण हिशेब करून पाहा. दिवसातून तीनदा टोचणाऱ्याला आठवड्याला २१ लागतात. त्याच्याकडच्या काही पोलिसांनी घेतल्या, काही त्याने पकडले जाण्याच्या भीतीने नाल्यात फेकल्या, कारण नशेचा अंश असलेली वापरलेली सुई हा त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे. तो सहा घेऊन येतो, सहा मिळतात. उरलेल्या पंधरा वेळा काय होते? आणि जी बाई घराबाहेर पडू शकत नाही, नवऱ्यामार्फत सुई मागवते, तिच्यासाठी जास्तीची एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी माणशी वर्षाला ३०० सुयांचे लक्ष्य ठेवले आहे. परत येणाऱ्या सुयांचे प्रमाण वाढवायचे तर जमतात त्या जागी बंद डबे लावा, पीअर एज्युकेटरला गोळा करण्यासाठी वेळ आणि जाड हातमोजे द्या, आणि पोलिसांना लेखी सांगा की कार्यक्रमाची सुई जवळ असणे हा अटकेचा आधार नाही. त्रास होणाऱ्या आईबापांच्या हातात यातून काहीतरी पडेल. एकास एकच्या अटीतून फक्त फेकणे वाढते.

कॅनडाने हीच युक्ती संसदेतून केली. व्हँकुव्हरमधले देखरेखीखाली टोचण्याचे केंद्र बंद पाडण्याचा सरकारचा प्रयत्न २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला. सरकारने २०१५ मध्ये नवा कायदा केला; असे केंद्र उघडायचे तर २६ अटी पुऱ्या करा. बंदी नाही, फक्त अटी. २०१७ मध्ये पुढच्या सरकारने त्या पाचांवर आणल्या. २६ विरुद्ध पाच, यातला फरक सुरक्षेचा नव्हता.

'सरकारने सुया दिल्या की नशेला मान्यता मिळते' हा आक्षेप उरतो. महाराष्ट्राने तो आधीही ऐकला आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा साधने मिळाली की स्वैराचार माजेल, असेच म्हटले गेले. त्यांना प्राध्यापकी गमवावी लागली. कामाठीपुऱ्यात कंडोम वाटायला सुरुवात झाली तेव्हा पुन्हा तेच. सुई हातात आली म्हणून कोणी नशेला लागत नाही. सुई पाच-दहा रुपयांत कुठल्याही औषध दुकानात मिळते. नशेला लागण्याची कारणे दुसरी असतात, आणि सुई देणारा पीअर एज्युकेटर हा त्या माणसाच्या आयुष्यातला बहुतेक वेळा एकमेव आरोग्य कर्मचारी असतो. त्याच्यामार्फत एचआयव्हीची तपासणी होते, २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हिपॅटायटिस सी चे औषध फुकट मिळू शकते, गळवावर वेळेत उपचार झाले तर हात वाचतो. ईशान्येत डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफीनच्या कॅप्सुली टोचून शिरा बंद पडलेले, अवयव गमावलेले लोक या वाटेनेच दवाखान्यात पोचले.

मग कुठे कडक व्हायचे? साठ्याचे वर आले. दाखल करून घेणाऱ्या केंद्रांवर तर फारच कडक व्हायला हवे. कोंडून, साखळीने बांधून, मारहाण करून 'व्यसनमुक्ती' करणाऱ्या जागांच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आणि तपासणी बंधनकारक असूनही त्या चालतात. आपले सगळे बायोमेट्रिक ओएसटीच्या रांगेत आणि या बंद दारांमागे काहीच नाही, ही उलटी गंगा आहे. वेळेचाही नियम करा, पण केंद्रासाठी: नाक्यावर काम शोधणारा आठला उभा नसेल तर दिवस बुडतो आणि केंद्र नऊला उघडते. सकाळी सात ते दहा, संध्याकाळी पाच ते आठ अशी वेळ परवान्याच्या अटीत लिहा. स्थिर झालेल्या रुग्णाला काही दिवसांच्या गोळ्या घरी देण्याची मुभा २०२० च्या टाळेबंदीत नॅकोनेच दिली होती. ती नियमित करा, बाटलीतल्या गोळ्या अचानक मोजायला बोलावण्याच्या अटीसह. आणि नॅलोक्सोन. जास्त डोसमुळे थांबलेला श्वास परत आणणारे हे इंजेक्शन, ०.४ मिलिग्रॅमचे अँप्युल, त्याला नशा नाही, गैरवापर नाही. जवळ असणाऱ्यांच्या हाती ते असावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ पासूनची शिफारस आहे. आपल्याकडे ते चिठ्ठीचे औषध म्हणून रुग्णालयाच्या कपाटात असते. श्वास थांबल्यावर मेंदूला चार-पाच मिनिटे असतात. रुग्णालय तेवढ्या अंतरावर कोणाच्या असते?

महाराष्ट्रापुरता एक मुद्दा निराळा आहे. पुण्यात आणि इतर शहरांत गेली काही वर्षे व्यायामशाळांत मेफेंटरमिनची इंजेक्शने सापडत आहेत. हे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब चढवायचे औषध, दहा मिलिलिटरच्या कुपीत येते. पोरे ते व्यायामाआधी 'जोश' यावा म्हणून घेतात. दहा मिलिलिटरची कुपी एकट्याने एका वेळी संपत नाही. ती चौघांत फिरते, आणि रक्त लागलेली सुई त्याच कुपीत पुन्हा घातली तर पुढच्या तिघांच्या सुया नव्या असूनही उपयोग नाही. पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन विकणाऱ्यांना पकडते, ते योग्यच. पण ही पोरे स्वतःला नशेडी समजत नाहीत, रुळांकडे जात नाहीत, त्यामुळे कुठल्याही पीअर एज्युकेटरच्या यादीत नाहीत. एचआयव्ही कायद्याच्या २२ व्या कलमात सुईबदलाचे जे उदाहरण आहे ते नोंदणीकृत कार्यक्रमाचे आहे, आणि असे कार्यक्रम व्यायामशाळेच्या दारापर्यंत पोचतील अशा रीतीने आखलेलेच नाहीत. मुंबईच्या आणि राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थांनी हिपॅटायटिस आणि एचआयव्हीची तपासणी अशा व्यायामशाळांच्या परिसरात, नाव न विचारता, सुरू करायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. ७१ वे कलम किंवा मंत्रिमंडळाची बैठकही लागत नाही. लागते ती एका परिपत्रकाची आणि तपासणी किटच्या खोक्याची.